पणजोबा लढाईवर गेले होते: पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचा माग कसा काढावा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे या पट्ट्यात असं घर शोधायला फार फिरावं लागत नाही, जिथे कुणीतरी सांगतं, "आमचे पणजोबा जर्मनच्या लढाईत होते." पुढे विचारलं की मात्र गाडी अडते. कुठे होते? "बसऱ्याकडे कुठेतरी." कोणत्या पलटणीत? माहीत नाही. एखादं पदक असतं, मिशीवाल्या माणसाचा डाग पडलेला फोटो असतो आणि "ते फारसं बोलायचे नाहीत" एवढं एक वाक्य.

शोध पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. शौर्याची कथा शोधत निघू नका. शौर्याची नोंद हजारात एखाद्याची झाली. पण दिवस प्रत्येकाने काढला. तो कोणत्या खंदकात उभा होता, पाणी कुठून येत होतं, घरी पत्र कधी पोचलं, हे बऱ्याच अंशी शोधता येतं. आणि तेवढं हाती आलं, तरी फोटोतला माणूस घरातला वाटू लागतो.

पहिली पायरी: घरातलं सगळं एका जागी आणा

संगणक नंतर. आधी ट्रंका, फडताळं, देवघरामागचे कोनाडे. शोधायच्या वस्तू अशा: पदकं (फिती तुटल्या असल्या तरी), पितळी बिल्ले आणि बटणं, डिस्चार्जचा कागद, पेन्शनची कागदपत्रं, जुनी पोस्टकार्डं, मनीऑर्डरच्या पावत्या, गणवेशातला फोटो. साधारण १२ सेंटीमीटर रुंदीची कांस्याची जड गोल थाळी सापडली, तिच्यावर सिंह, हातात पुष्पचक्र घेतलेली स्त्री आणि चौकटीत हुद्द्याशिवाय नुसतं नाव असेल, तर ती युद्धात वारलेल्या सैनिकाच्या वारसांना दिलेली स्मृतिथाळी आहे. काही घरांत ती वजनमाप म्हणून किंवा झाकण म्हणून वापरात राहिली. सापडली तर आधी तिचं वापरणं थांबवा.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला, आणि आत्यांना, मावशांना, सुनांना आवर्जून विचारा. पुरुषमंडळी लढाईचं सांगतात. बायका घराचं सांगतात: पैसे कधी यायचे, पत्र कोण वाचून दाखवायचं, "गेला" असं कधी कळलं, वाट पाहताना सासू काय म्हणायची. जात्यावरच्या ओव्यांत पलटणीचा, बोटीचा, परमुलखाचा उल्लेख कुणाला आठवत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. असा उल्लेख म्हणजे पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं याची दिशा तो देतो.

प्रश्न "तुम्हाला युद्धाबद्दल काय माहीत आहे" असा विचारू नका, उत्तर येणार नाही. "ते कोणत्या गावांची नावं घ्यायचे? काय खायला त्यांना आवडायचं नाही? थंडीचा त्रास व्हायचा का? पाय दुखायचे का?" असं विचारा. बसरा, अमारा, कूत, बगदाद यांपैकी एक नाव जरी तोंडून निघालं, तरी अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: युद्ध कोणतं ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून जातात आणि मग महिनोन्महिने चुकीच्या कागदांत शोधत बसतात. "जर्मनची लढाई" हे दोन्ही महायुद्धांना म्हटलं जातं. १८८० ते १९०० च्या सुमारास जन्मलेला माणूस पहिल्या युद्धातला असण्याची शक्यता जास्त. घरात इटली, एरिट्रिया किंवा ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याच्या गोष्टी सांगितल्या जात असतील, तर दुसरं. पदकांत सहा टोकांचा तारा असेल तर तो दुसऱ्या युद्धाचा. पहिल्या युद्धाच्या ताऱ्यावर मुकुट, एकमेकींवर आडव्या तलवारी आणि मधल्या पट्टीवर साल असतं.

तिसरी पायरी: पदकाची कड वाचा

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाला सर्वसाधारणपणे दोन किंवा तीन पदकं मिळाली. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलवर राजा पाचव्या जॉर्जचं मुख आहे. व्हिक्टरी मेडल पिवळसर धातूचं आहे, त्यावर पंखवाली विजयदेवता आणि फीत इंद्रधनुषी रंगांची. या दोन्हींवर नाव बाहेरच्या कडेवर कोरलेलं असतं, ताऱ्यावर ते मागच्या बाजूला असतं. भिंग घ्या, दिवा तिरका धरा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढं सगळं त्या एका ओळीत मिळतं. ही ओळ हाती आली तर पुढच्या निम्म्या पायऱ्या सोप्या होतात.

ताऱ्यावरून काळही कळतो. मधल्या पट्टीवर फक्त १९१४ असेल, तर माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ दरम्यान फ्रान्स-बेल्जियममध्ये होता. १९१४-१५ असेल, तर १९१५ संपायच्या आत तो कोणत्या तरी आघाडीवर पोचला होता. तारा नाही, फक्त दोन गोल पदकं आहेत, तर बहुधा १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेला. (तारा विकला किंवा हरवला असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून घरच्यांना विचारून घ्या.) ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं असेल, तर तो बहुधा मजूर किंवा हमाल तुकडीत होता. त्यात कमीपणा काहीच नाही. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्ट्रेचर उचलणारे नसते तर खंदकातला सैनिक दोन दिवससुद्धा टिकला नसता.

आणि पदक घासून चकचकीत करू नका. कडेची अक्षरं झिजतात आणि पुन्हा कधीच मिळत नाहीत.

चौथी पायरी: पलटण गेली कुठे

तेव्हाच्या मराठा पलटणी आकड्यांनी ओळखल्या जात: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये लष्कराची फेररचना झाली आणि या सगळ्या एकाच रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. आज बेळगावला केंद्र असलेली मराठा लाइट इन्फंट्री ती हीच. मराठी माणसं इतरत्रही होती. किरकीच्या (आजची खडकी) सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे पूल, रस्ते आणि सुरुंगांचं काम करणाऱ्या तुकड्यांत, खणकाम करणाऱ्या पायोनियर पलटणींत, खेचर तुकड्यांत, दवाखान्यांच्या तुकड्यांत. महारांची भरती ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. शोध महार कुटुंबातल्या सैनिकाचा असेल तर हे ध्यानात ठेवा, नाहीतर १९१४ च्या याद्यांत नाव का नाही या प्रश्नात अडकाल.

मराठा पलटणींचं युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झालं. ६ व्या पूना डिव्हिजनच्या (अनेक पलटणींची मोठी फौज, मराठा पलटणीही तीत होत्या) पहिल्या तुकड्या नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरल्या आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. वर्षभर त्या तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत राहिल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला बगदादच्या तोंडाशी त्या अडल्या, मागे फिरल्या आणि कूत-अल-अमारा इथे वेढल्या गेल्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणी त्या वेढ्यात होत्या. १०५ वी मेसोपोटेमियानंतर पॅलेस्टाईनला गेली. ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत नाव कमावलं.

फ्रान्सची बाजू वेगळी. लाहोर आणि मीरत डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेल्सला उतरू लागल्या. किरकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या त्यांच्यात होत्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावाच्या हल्ल्यात त्यांची फार माणसं पडली. भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हललं आणि त्यातलं बरंचसं मेसोपोटेमियात पोचलं. म्हणून एकाच माणसाच्या गोष्टीत बर्फही असू शकतं आणि वाळूही. कुणी खोटं सांगत नसतं.

पाचवी पायरी: मृत्यूची नोंद

पणजोबा परत आले असतील तर ही पायरी सोडा. आले नसतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात वारलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा आयोग, याच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना वारलेल्यांची नोंद तिथे असते. गोळीने मेलेल्यांबरोबर कॉलऱ्याने, तापाने, कैदेत मेलेल्यांचीही. बऱ्याच भारतीय नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे, आणि ओळख पटते ती त्यावरूनच.

अडचण आहे स्पेलिंगची. गोऱ्या अधिकाऱ्याने किंवा पलटणीच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. 'जाधव'च्या शेवटी कधी व्ही, कधी ओ. 'पवार' बऱ्याचदा 'पोवार' म्हणून. 'कदम', 'सावंत', 'भोसले' यांची तीन-चार रूपं सहज निघतात. म्हणून आडनावावर अडून राहू नका. सैन्य म्हणून भारतीय लष्कर निवडा, पलटण टाका आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहा. गावाच्या नावाने शोधलं की बऱ्याचदा त्याच गावची आणखी दोन-चार माणसं सापडतात. त्यांची नोंदही उतरवून घ्या. भरती सहसा जोडीने, भावकीने व्हायची आणि शेजारच्या घरचा माणूस त्याच खंदकात असण्याची शक्यता मोठी आहे.

सैनिकाचा क्रमांक त्याच्या पलटणीपुरताच असे. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्या माणसाचा असू शकतो. क्रमांक जुळला म्हणून लगेच खूश होऊ नका.

मेसोपोटेमियात वारलेल्या, कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिशांची आणि भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचे तिथे पलटणीनुसार आकडे टाकले. ज्या घरातून माणूस गेला त्या घराला दगडावर नावसुद्धा मिळालं नाही, हे वाचून राग येतो आणि तो यायलाच हवा. आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. नावं नोंदवहीत आहेत, ती संकेतस्थळावर शोधता येतात. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत.

दोन ठिकाणी लोक उगीच हेलपाटे घालतात. एक, किरकीचं युद्धस्मारक: पहिल्या युद्धाची तिथली नावं भारतातच वारलेल्यांची आणि बहुतांश ब्रिटिशांची आहेत. दुसरं, लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या गावनिहाय नोंदवह्या: त्या पंजाबच्या आहेत, आपल्याकडच्या गावांच्या नव्हेत.

सहावी पायरी: त्याचा दिवस उभा करा

हा या शोधाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

प्रत्येक पलटण युद्धात रोजची डायरी ठेवत असे. या वॉर डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच संगणकावर पाहता येतात. तुमच्या पणजोबांचं नाव तिथे शोधू नका, शिपायांची नावं त्यात क्वचितच येतात. तारीख शोधा. त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता का, किती माणसं आजारी पडली, रेशन आलं का, खंदक किती खणला. पाच-सहा महिन्यांची पानं ओळीने वाचली की एका माणसाचे दिवस कसे जात असतील ते दिसू लागतं.

वाचताना अर्थ लागावा म्हणून खंदकातल्या दिवसाची साधारण घडी सांगतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे बंदुका घेऊन जागेवर उभे राहत, कारण हल्ला होण्याची भीती त्या वेळी जास्त. दिवसा हालचाल शक्य तितकी कमी, डोकं वर काढलं की गोळी. आळीपाळीने झोप, बंदुकीची साफसफाई, उवा मारणं. खरं काम रात्री चाले. खणणं, वाळूची पोती भरणं, तारा ओढणं, मागून पाणी आणि रेशन वाहून आणणं. काही दिवस पुढच्या रांगेत, मग आधाराच्या रांगेत, मग मागे विसाव्याला. विसाव्यातही खणकाम सुटत नसे. वीरकथांमुळे वाटतं की माणूस रोज लढत होता. बहुतेक दिवस त्याच्या हातात बंदुकीपेक्षा फावडं जास्त वेळ असे.

फ्रान्सच्या पहिल्या हिवाळ्यात आपली माणसं उष्ण प्रदेशातल्या पातळ खाकीत उतरली, गरम कपडे नंतर मिळाले. खंदकात गुडघाभर गार चिखल. ओल्या बुटांत तासन् तास उभं राहून पाय सुजत, काळे पडत, कधी कापावे लागत. म्हाताऱ्या माणसाच्या पायाच्या दुखण्याबद्दल विचारा असं वर म्हटलं ते यासाठी.

मेसोपोटेमियाचा खंदक निराळा. सपाट, उघडा मुलूख, आडोशाला झाड नाही, सरपणाला काटकी नाही. हिवाळ्याच्या पावसात मातीचा असा चिखल होई की गाड्या जागच्या हलत नसत. वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की वसंतात तैग्रिसला पूर येई आणि पाणी खंदकांत शिरे. उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या घरात आणि माश्या इतक्या की घास तोंडात घालणं कठीण. पिण्याचं पाणी नदीचं. म्हणून कॉलरा, हगवण, मलेरिया. ताज्या भाज्या न मिळाल्याने हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही हजारो भारतीय सैनिकांना झाला. औषधपाण्याची व्यवस्था इतकी कोलमडली होती की ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १९१७ मध्ये बाहेर आला. पणजोबा "आजारी होऊन आले" असं घरात सांगत असतील, तर त्यामागे हे सगळं उभं आहे.

आणि कूत. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पणजोबा १०३, ११० किंवा ११७ मध्ये असतील तर या वेढ्याबद्दल नीट वाचा. पीठ घटत घटत मुठीवर आलं. तूप संपलं. घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली तेव्हा अनेक हिंदू आणि मुसलमान सैनिकांनी ते मांस नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी कित्येक जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत तयार झाले नाहीत. गावात तोंड कसं दाखवू, मुलींची लग्नं कशी होतील, ही भीती गोळीपेक्षा मोठी होती. पालेभाजी म्हणून रानातला पाला उकडून खाल्ला, त्यातला काही विषारी निघाला. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, ती पुरली नाहीत. शेवटी सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. पुढे वाळवंटातून पायी तांडे आणि रेल्वेमार्गावर मजुरी. कैदेत वारलेल्यांच्या मृत्यूच्या तारखा काही वेळा अंदाजाने लावलेल्या असतात. घरच्यांनी पाळलेली तिथी आणि नोंदीतली तारीख जुळत नसेल तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा.

सातवी पायरी: पत्रं, असली तर आणि नसली तरी

घरात युद्धकाळातलं पोस्टकार्ड निघालं तर आधी शिक्का पाहा. परदेशी गेलेल्या भारतीय सैन्यासाठी आय.ई.एफ. ही अक्षरं छापलेली भारतीय तिकिटं होती आणि फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात क्रमांक असे. क्रमांक आणि तारीख यांवरून ठिकाणाचा अंदाज बांधता येतो. मजकूर मोडीत असेल तर तसाच ठेवून जाणकाराकडे न्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतात, तिथे वाचणारी माणसं भेटतात.

पत्र हातात आलं की ते त्याच्याच हातचं आहे असं गृहीत धरू नका. बहुतेक सैनिकांना लिहिता येत नव्हतं. कंपनीतला एखादा लिहिणारा मजकूर उतरवून घेई, आणि गावात मास्तर किंवा कुलकर्णी तो वाचून दाखवी. म्हणजे नवरा-बायकोतल्या बोलण्यात कमीत कमी दोन परकी माणसं, वर सेन्सॉर. मग त्यात माया मोकळेपणी कशी येणार? ती चौकशीच्या रूपाने येते. बैल कसा आहे, पाऊस झाला का, सावकाराचं किती फिटलं, बहिणीचं जमलं का. त्या प्रश्नांवरून नजर झरकन फिरवू नका. काळजी, आठवण, परत यायची ओढ, सगळं त्यांच्यातच आहे. "मी खुशाल आहे" हे वाक्य तर दवाखान्यातूनही जाई.

पत्र नसेल, तर दुसऱ्यांची वाचा. फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांच्या टपालावर १९१४ च्या शरदापासून सेन्सॉर बसला होता. त्याच्या कचेरीने निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत भाषांतर करून लंडनला पाठवले. मूळ पत्रं नष्ट झाली, ही भाषांतरं ब्रिटिश लायब्ररीत टिकली. ती मुख्यतः पंजाबी, पठाण, गढवाली सैनिकांची आहेत, मराठी फार थोडी, कारण आपल्या पलटणी दुसऱ्या आघाडीवर होत्या. तरी वाचाच. सैनिक सेन्सॉरला चुकवत कसे लिहीत ते त्यांत दिसतं: काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. "तू भरती होऊ नकोस" हे भावाला आडून सांगितलेलं असतं. जखम बरी झाली की घरी न पाठवता पुन्हा आघाडीवर धाडतात, ही तक्रार तर कितीतरी पत्रांत आहे.

पैशाचाही माग घ्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातला काही भाग त्याला घरी लावून देता येई. मनीऑर्डरची पावती सापडली तर ती पत्राइतकीच बोलते: कुणाच्या नावे पाठवली, बापाच्या की बायकोच्या? रक्कम कधी थांबली?

आठवी पायरी: गावाकडची बाजू

लढाईवर एक जण गेला तरी युद्ध सगळ्या घराने काढलं. त्याचे कागद गावातच मिळतात.

चावडी, जुनी शाळा, मंदिराचं आवार किंवा वेस इथे एखादी इंग्रजी अक्षरांची संगमरवरी किंवा दगडी पाटी आहे का पाहा: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातले इतके वारले. अशा पाट्या अनेक गावांत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जण त्या युद्धात परतले नाहीत. पाटीचा फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा रंग भरू नका.

मग तहसील कार्यालय. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरं मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाली आणि अनेक ठिकाणी स्कॅन झाली, त्यामुळे ती पाहणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. १९१८ आणि १९१९ ची पानं नक्की पाहा. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएंझा त्या शरदात मुंबई इलाख्यातल्या गावागावांत पोचला, पाऊसही दगा देऊन गेला होता. लाखो माणसं गेली. सैनिक जिवंत परतला आणि बायको, आई, लेकरू त्या साथीत गेलेलं, असं कितीतरी घरांत झालं. "ते फारसं बोलायचे नाहीत" याचं कारण नेहमी रणांगणावरच शोधू नका. पान उलटा, कदाचित ते त्याच वहीत असेल.

सरकारने जमीन दिली होती असं घरात ऐकलं असेल, तर जुने फेरफार काढा. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला हरकत नाही, पण शंभर वर्षांपूर्वीची सेवानोंद तिथे मिळेल अशी आशा धरू नका. साध्या शिपायांच्या वैयक्तिक सेवानोंदी फारच थोड्या टिकल्या आहेत.

नववी पायरी: जपणं आणि दुरुस्ती

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घड्या जोर लावून उलगडू नका. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शक्य असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि प्रत नात्यातल्या दोन-तीन घरांत ठेवा. फोटोच्या मागे पेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. पदकं एकत्रच राहू द्या. वाटणीत एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे गेलं की पुढच्या पिढीला त्यांचा संबंध लागत नाही. वाटणी झालीच असेल तर निदान एकत्र फोटो काढून प्रत्येक घरात ठेवा.

प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहा: आजीने सांगितलं, पदकाच्या कडेवर आहे, डायरीत आहे. "पलटण तिथे होती" आणि "पणजोबा तिथे होते" या दोन वाक्यांत अंतर आहे. ते दवाखान्यात असतील, बसऱ्याच्या डेपोत असतील. वहीत ते अंतर तसंच दिसू द्या.

वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत नाव, वडिलांचं नाव किंवा गाव चुकलेलं असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. पदकाच्या कडेचा फोटो, स्मृतिथाळी, पेन्शनचा कागद किंवा कोतवाल बुकातली नोंद पुरावा म्हणून जोडा, मोडीतला कागद असेल तर सोबत लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर द्या. नोंदच नसेल आणि मृत्यू सेवेत झाल्याचा पुरावा असेल, तर नव्याने नाव घालण्याची विनंतीही करता येते. उत्तर यायला वेळ लागतो. तोपर्यंत गावच्या पाटीवरच्या आकड्यामागची बाकीची नावं गोळा करायला घ्या, कारण पाटीवर बहुधा फक्त आकडा आहे आणि ती नावं माहीत असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.